डब्याचा लाइट चालू, पत्रा मात्र हातात: गाडीवरच्या इलेक्ट्रॉनिक गंजरोधकाचं सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-मिरज रस्त्यावर गाड्यांच्या ॲक्सेसरीज आणि ऑटो इलेक्ट्रिकचं एक दुकान आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, इथंही तेच म्हणू. वायरिंग, बॅटरी, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर ही रोजची कामं, आणि हाताखाली दोन पोरं. वायरिंगमध्ये अण्णांचा हात इतका साफ आहे की सापडत नसलेले फॉल्ट इतर गॅरेजवाले त्यांच्याकडं पाठवतात. हे आधीच सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात कामचुकारपणाचा भाग नव्हता. गंजरोधक उपकरणाचा डबा बसवताना एकही तार चुकीची लागली नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. पार्किंगमध्ये, गल्लीत, शेडमध्ये गाड्या पाण्यात राहिल्या. इंजिन आणि वायरिंग दुरुस्त झालं, पण दरवाजाच्या आतला गाळ, सीटखालच्या फोमात मुरलेलं पाणी आणि पुढं सहा महिन्यांनी फुगणारा रंग यांनी लोकांच्या मनात गंजाची धास्ती बसली. अशा वेळी एका कंपनीचा प्रतिनिधी गंजरोधक इलेक्ट्रॉनिक उपकरण घेऊन दुकानात आला.

तळहाताएवढा काळा डबा, बॅटरीला जोडायच्या दोन तारा, बॉनेटखाली रंगावर चिकटवायचे दोन पॅड आणि एक हिरवा लाइट, एवढंच ते उपकरण. डबा पत्र्यात सतत इलेक्ट्रॉन सोडतो, त्यामुळं लोखंड ऑक्सिजनला बळी पडत नाही आणि एका जागी बसवला तरी गाडीभर काम करतो, असा दावा. सोबत दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड.

अण्णा नुसत्या बोलण्यावर माल घेणारे नाहीत. प्रतिनिधीनं काउंटरवर काचेच्या दोन बरण्या मांडल्या, त्यांत मिठाचं पाणी ओतलं आणि दोन्हींत लोखंडाची एकेक पट्टी सोडली. एका पट्टीला डब्याची एक तार जोडली आणि दुसरी तार त्याच बरणीच्या पाण्यात बुडवली. बरण्या तीन दिवस दुकानात राहिल्या. तार नसलेल्या बरणीतलं पाणी दुसऱ्याच दिवशी तांबूस झालं आणि तळाला गाळ बसला. तार असलेल्या बरणीतल्या पट्टीवर बारीक बुडबुडे दिसत होते आणि लोखंड जसंच्या तसं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकानं ते पाहिलं. अण्णांनी अनामत भरून वीस डब्यांची एजन्सी घेतली आणि बसवणुकीसह साडेसहा हजार रुपये दर ठेवला. वर्षभरात बहुतेक डबे गेले. गिऱ्हाईक मुख्यतः कारवाले, त्यात चार-पाच मालवाहू गाड्या.

अडचण

त्या मालवाहू गाड्यांपैकी एक मिरजेतल्या मासळी व्यापाऱ्याची होती. त्यांना मामा म्हणू. मामांकडं एकाच मॉडेलचे दोन पिकअप, काही महिन्यांच्या अंतरानं घेतलेले. दोन्ही गाड्यांचा मार्ग एकच: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून माल भरायचा आणि साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर करत पहाटेपर्यंत मिरज गाठायची. पैशाच्या ओढाताणीमुळं डबा एकाच गाडीला बसवला. दुसरीला पुढच्या हंगामात बघू, असं ठरलं.

दीड वर्ष उलटल्यावर मे महिन्यात डबा असलेल्या गाडीचा हौदा एका बाजूला कलल्यासारखा दिसायला लागला. फिटरनं गाडी रॅम्पवर घेतली. हौद्याखालच्या आडव्या क्रॉस मेंबरवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली तर पोपडा खाली पडला, टोक दाबलं तर ते आरपार गेलं. हौदा चेसीला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे आटे ओळखू येत नव्हते. मामांनी पडलेला पोपडा उचलून थेट अण्णांच्या काउंटरवर आणून ठेवला.

"अण्णा, डब्याचा लाइट तर पेटतुया. पण पत्रा हाताला येतुया. ह्याचं काय करायचं सांगा."

अण्णांनी कंपनीला फोन लावला. तिकडून वॉरंटी कार्डची मागची बाजू वाचायला सांगितली. तिथं बारीक अक्षरात सगळं होतं: व्यावसायिक वाहनांना वॉरंटी नाही, चेसी आणि गाडीखालचे भाग धरलेले नाहीत, वरवरचा गंज धरलेला नाही. फक्त बाहेरच्या पॅनेलला आतून बाहेर भोक पडलं तरच दावा, आणि तोही दरवर्षी तपासणीचा शिक्का असेल तर.

अण्णांची दोन्ही पोरं माझ्याकडं मोटार मेकॅनिकचं काम शिकून गेलेली, त्यामुळं त्यांनी मला बोलावलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: डबा चालतो की नाही याचं खरं उत्तर, आणि नसेल चालत तर लोकांना काय सांगायचं.

दोन गाड्या शेजारी

मामांकडं तुलनेला दुसरी गाडी होती हे या प्रकरणाचं नशीब. एरवी ज्याच्याकडं एकच गाडी असते तो "डबा नसता तर आणखी गंजली असती" एवढ्यावर गप्प बसतो.

दोन्ही गाड्या रॅम्पवर घेतल्या. गंजाच्या जागा दोन्हींत त्याच होत्या: हौद्याच्या मागच्या टोकाचा क्रॉस मेंबर, मडगार्डच्या आतली कड, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट, हौद्याची फळी आणि जमिनीचा पत्रा जिथं जुळतो ती फट. पण डबा नसलेल्या गाडीची अवस्था बरी होती. क्रॉस मेंबरवर गंज होता, तरी टोक आत गेलं नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. डबा नसलेल्या गाडीचा ड्रायव्हर मिरजेतच राहतो. माल उतरवून घरी गेला की नळाची पाइप लावून हौदा आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्यानं धुऊन काढायची, ही त्याची जुनी सवय. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हरही आधी आठवड्यातून दोनदा वॉशिंग सेंटरला गाडी लावायचा. डबा बसल्यावर ते बंद झालं. त्यानं मला सरळ सांगितलं, "गंजाचं मशीन बसवलंय म्हणल्यावर वॉशिंगला पैसं कशाला घालवायचं?"

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट. डब्यानं पत्र्याला काही केलं नाही, पण माणसांची वागणूक बदलली. साडेसहा हजार गेले त्यापेक्षा बंद पडलेल्या धुण्यानं मामांचं जास्त नुकसान केलं.

मासळीच्या गाडीखाली नेमकं काय होतं तेही सांगायला हवं. बर्फ गोड्या पाण्याचा असला तरी मासळीबरोबर समुद्राचं पाणी येतं आणि क्रेट जेटीवर खाऱ्या पाण्यानंच धुतले जातात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बर्फ वितळेल तसं हे पाणी हौद्याच्या फटीतून थेट क्रॉस मेंबरवर ठिबकतं. आंबा घाट उतरताना आणि चढताना ते पुढं-मागं पळतं, वळणावर मडगार्डमध्ये जातं. मामांनी हौद्यात लोखंडी जमिनीवर ॲल्युमिनियमचा चौकडीचा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता. धुवायला सोपा म्हणून बसवलेल्या त्या पत्र्याखाली शिरलेलं खारं पाणी वाळतच नव्हतं. पत्रा उचकटला तेव्हा खाली ओला, काळपट-तांबडा चिखल होता आणि ॲल्युमिनियमच्या उलट्या बाजूला पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की ॲल्युमिनियमही झिजतं आणि फटीतलं लोखंडही सुटत नाही.

बरणीत जमलं, गाडीवर का नाही?

प्रतिनिधीनं दाखवलेला प्रयोग खोटा नव्हता. अण्णांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जे पाहिलं ते बरोबर होतं.

लोखंड पाण्यात असताना त्याच्याच पृष्ठभागावर लहान लहान विद्युतघट तयार होतात. पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मधोमध कमी. मधलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात, आणि मध्य आणि कड यांच्या दरम्यान तांबडा गंज जमतो. थेंब पुसला की खाली बारीक खड्डा दिसतो. बाहेरून पुरेसा विद्युतप्रवाह देऊन सगळंच लोखंड इलेक्ट्रॉन घेणारी बाजू केलं तर विरघळणं थांबतं. हे तत्त्व दोनशे वर्षं जुनं आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचं तांबं वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं. आज जहाजांचे तळ आणि जमिनीखालच्या तेल-गॅसच्या वाहिन्या याच तत्त्वावर सांभाळतात. पुरलेल्या पोलादी वाहिनीचा विद्युतदाब तांबं आणि तांब्याचं सल्फेट यांच्या प्रमाणित ध्रुवाशी तुलना करून उणे ०.८५ व्होल्टपर्यंत खाली ठेवायचा, हा त्या क्षेत्रातला रोजचा निकष आहे.

पण या प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. ज्याला वाचवायचं ते लोखंड आणि ज्यातून प्रवाह सोडायचा तो दुसरा ध्रुव, दोन्ही एकाच सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. प्रवाहाचा फेरा त्या पाण्यातून पूर्ण होतो. जहाज समुद्रात आहे, वाहिनी मातीत आहे, पट्टी बरणीत आहे. गाडी हवेत आहे.

डेमोत जी तार पाण्यात बुडवली होती, तीच गाडीवर रंगावर चिकटवलेल्या पॅडला जाते. मग पाणी गेलं कुठं? पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा विद्युतरोधक थर. पॅडपासून हौद्याच्या क्रॉस मेंबरपर्यंत मध्ये कोरडी हवा, कोरडा रंग, आणि कुठंतरी सुटे थेंब. त्या थेंबांचा पॅडशी काही संबंध नाही. पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून "इलेक्ट्रॉन भरतो" म्हणणं याच कारणानं पोकळ आहे. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक गाडीचा पत्रा कारखान्यातूनच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, तरी गाड्या गंजतातच. इलेक्ट्रॉन नुसते असून भागत नाही, त्यांना फेरा पूर्ण करायला वाट लागते. अण्णा वायरिंगचे उस्ताद, त्यामुळं "अर्थिंग आहे पण सर्किट पुरं होत नाही" हे वाक्य त्यांना एका झटक्यात समजलं.

अमेरिकेत १९९० च्या दशकात 'रस्ट इव्हेडर' नावाच्या अशाच बॅटरीवरच्या उपकरणाविरुद्ध तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली होती. गाडीचा गंज रोखतं हा त्याचा दावा तिथं टिकला नाही. म्हणजे सांगलीत आलेला माल नवा असला तरी दावा जुनाच होता.

पडताळणी

तरी अण्णांना माझ्या शब्दावर निर्णय घ्यायचा नव्हता, आणि ते बरोबरच होतं. दुकानात शिल्लक असलेल्या डब्यांपैकी एक घेऊन आम्ही बरणीबाहेरचा प्रयोग लावला.

एकाच शीटमधून कापलेल्या चार पट्ट्या घेतल्या. चारही गाडीच्या रंगानं रंगवल्या आणि प्रत्येकीवर पत्र्यापर्यंत जाणारा एक लांब ओरखडा पाडला. दोन पट्ट्या डब्याला जोडल्या. पॅड रंगावर, अर्थिंगची तार पत्र्याला, म्हणजे कंपनीच्या कागदावर जसं छापलंय अगदी तसंच. दोन तशाच सोडल्या. सगळ्या दुकानामागच्या शेडमध्ये टांगल्या आणि पोरांनी सकाळ-संध्याकाळ सगळ्यांवर सारखाच मिठाच्या पाण्याचा फवारा मारला. प्रयोगशाळेतल्या क्षारफवारा चाचणीत ५ टक्के मिठाचं पाणी आणि ३५ अंश तापमानाची बंद पेटी लागते. आमच्याकडं पेटी नव्हती, पण मिठाचं प्रमाण तेच ठेवलं.

पट्ट्यांच्या मागच्या बाजूला खिळ्यानं खुणा केल्या होत्या आणि कुठली खूण कुठल्या पट्टीची हे फक्त एका पोराला माहीत होतं. तीन आठवड्यांनी तारा काढल्या, पट्ट्या उलटसुलट करून अण्णांसमोर ठेवल्या आणि डब्याच्या दोन निवडा म्हणालो. अण्णांनी ओरखड्याच्या कडेचा फुगलेला रंग नखानं उचलून पाहिला, भिंगानं पाहिलं, दोन वेळा क्रम बदलला आणि शेवटी हात झटकले. चारही पट्ट्यांचा रंग ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच सुटला होता.

चार पट्ट्यांवर कुणी शास्त्रीय निबंध लिहू नये. पण एजन्सी ठेवायची की नाही एवढं ठरवायला ते पुरेसं होतं. दुकानात करता येण्याजोगा आणि गाडीच्या परिस्थितीशी जुळणारा प्रयोग हाच होता.

पर्याय

अण्णांसमोरचा पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. वॉरंटी कंपनीची, कार्डावर सही कंपनीची. मामांनाही कागद दाखवून परत पाठवता आलं असतं. घरातल्यांचा कल याच बाजूला होता, कारण अनामत अडकली होती.

दुसरा, विक्री गुपचूप बंद करायची आणि जो तक्रार घेऊन येईल त्याच्यापुरतं बघायचं. याच्या बाजूनं बोलण्यासारखं एक होतं: बहुतेक कारवाले खूश होते. त्यांच्या गाड्यांना गंज नव्हता. पण ते श्रेय डब्याचं नव्हतं. आजच्या कारचा पत्रा बराचसा जस्ताचा थर दिलेला असतो, आणि रंगाच्या आधी अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं कानाकोपऱ्यात प्रायमर बसवतात. गाड्यांना वीज खरोखर उपयोगी पडते ती तिथं, कारखान्यात. वर सांगलीची हवा कोकणासारखी नाही, जत-आटपाडीकडं तर पावसाचीच वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी डबा असो-नसो, सांभाळलेली कार सात-आठ वर्षं गंजाशिवाय सहज राहते. मासळीची गाडी नसती तर अण्णांना हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती, सांगता येत नाही.

तिसरा पर्याय, कंपनीविरुद्ध दाद मागायची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुनर्विक्रीसाठी माल घेणारा दुकानदार ग्राहक ठरत नाही, त्यामुळं अण्णांना तो रस्ता सोपा नव्हता. मामांचं वेगळं: व्यावसायिक वापरासाठी घेतलेला माल वगळलेला असला तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या मालाला कायद्यात सवलत आहे. पगारी ड्रायव्हर असलेले दोन पिकअप त्यात बसतात का, यावर वाद झाला असता. कारवाल्या गिऱ्हाइकांना मात्र तक्रारीचा हक्क सरळ होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यांच्यासाठीच आहे.

चौथा, सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करून सांगायचं आणि पैसे परत करायचे.

दुकानाचा निर्णय

अण्णांनी चौथा पर्याय घेतला, पण थोडा वळवून. उपकरणाच्या किमतीतला त्यांचा नफा आणि बसवणुकीची मजुरी रोख परत, आणि ज्याला हवं त्याला गाडीच्या खालच्या बाजूचं अँटिरस्ट कोटिंग फक्त मालाच्या खर्चात. कंपनीला गेलेली रक्कम परत देणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि ते त्यांनी प्रत्येकाला तसंच सांगितलं. ज्याला तक्रार करायची असेल त्याला खरेदीचं बिल, कार्डाची प्रत आणि आमच्या प्रयोगाचे फोटो द्यायचे ठरले.

फोनवर काय बोलायचं यावर आम्ही बराच वेळ घातला. "कंपनीनं फसवलं" असं म्हणायचं नाही, कारण प्रतिनिधीला स्वतःला किती समजत होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. "हे उपकरण गाडीवर गंज थांबवत नाही असं आमच्या लक्षात आलंय, त्याच्या भरवशावर गाडी धुणं बंद केलं असेल तर आजपासून सुरू करा," एवढं आधी सांगायचं आणि पैशाचं मागून. हा क्रम अण्णांनी सुचवला आणि तो योग्य होता. समुद्राकडं जाणाऱ्या आणि मळी-मीठ वाहणाऱ्या गाड्यांना पहिले फोन गेले.

डबा काढायचा की ठेवायचा, हाही प्रश्न आला. तो बॅटरीतून सतत थोडा प्रवाह घेतो. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, पण आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला पडतो. सगळ्यांना फुकट काढून द्यायचं ठरलं. रंगावरचे पॅड हीटगननं गरम करून सावकाश काढावे लागले, ओढले तर रंगच निघत होता.

मामांच्या गाडीचं काम

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळं दोन महिने हातात होते. दोन्ही गाड्या आळीपाळीनं घेतल्या.

आधी धुणं. प्रेशर पंपानं गोडं पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी, आणि त्यानंतर चार दिवस उन्हात. जून महिन्यात ऊन मिळेल तेव्हा गाडी बाहेर आणि ढग आले की आत, असं चाललं. घाई इथंच महागात पडते. ओल्या किंवा खारावलेल्या पत्र्यावर कितीही भारी रंग मारला तरी तो आतून उचलतो.

सडलेला क्रॉस मेंबर कापून नवा बनवला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडली. हौद्याची खालची फ्रेम बोल्टनं सुटी होणारी होती, त्यामुळं ती पूर्ण उतरवून वितळलेल्या जस्तात बुडवून आणली. जस्ताचा तो हौद साधारण ४५० अंशांवर असतो. चेसीला हे करता येत नाही, म्हणून चेसीवर घासून उजळ केलेल्या पत्र्यावर जस्ताचा प्रायमर, वर इपॉक्सी आणि त्यावर खालच्या बाजूचं जाड कोटिंग मारलं. जस्ताचा प्रायमर गंजावर किंवा जुन्या रंगावर मारून उपयोग नसतो, त्यातलं जस्त लोखंडाला प्रत्यक्ष भिडावं लागतं. तसं भिडलं की ओलाव्यात जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. डेव्हींचं तत्त्व गाडीवर असं उतरतं, कारण इथं जस्त आणि लोखंड त्याच थेंबाखाली असतात.

मामांचा फिटर जळक्या ऑइलचा फवारा मारा म्हणत होता. तो उपाय अगदीच निरुपयोगी नाही, तेलाचा थर काही आठवडे पाणी दूर ठेवतो. पण जळक्या ऑइलात आम्ल असतं, ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर धोका, आणि धुताना ते गटारात आणि विहिरीत जातं. बंद पोकळ भागांत आम्ही मेणाचं पातळ द्रावण नळीनं सोडलं, आणि निचऱ्याची भोकं उघडी आहेत ना हे तारेनं तपासलं.

सगळ्यात जास्त फायदा ज्यानं झाला असं मला वाटतं ते काम सगळ्यात स्वस्त होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा काढूनच टाकला. हौद्याच्या जमिनीला मागं उतार दिला, सगळ्या फटी सीलंटनं बुजवल्या आणि बर्फाचं पाणी एकाच कोपऱ्यातून पाइपनं खाली अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये घेतलं. कॅन मिरजेत आणि बंदरावर रिकामा करायचा. यामुळं मासळीचं पाणी घाटात रस्त्यावर सांडायचं थांबलं, ज्यावर दुचाकीवाले घसरतात.

निष्पत्ती

पुढच्या बंदीच्या काळात दोन्ही गाड्या पुन्हा रॅम्पवर घेतल्या. जस्तात बुडवलेली फ्रेम शाबूत होती. जागेवर मारलेल्या एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ मात्र गंज उगवला होता. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं जस्त जळालं होतं आणि त्यावर प्रायमरचा हात फिरायचा राहिला होता. तो घासून पुन्हा भरला. मागच्या चाकांच्या वर खडीनं कोटिंग उडालेलं होतं, तिथंही दुरुस्ती लागली. टोक कुठंच आत गेलं नाही. ज्या ड्रायव्हरनं धुणं सोडलं होतं त्याची गाडी आता दुसऱ्या गाडीइतकीच बरी दिसत होती.

दुकानाला फटका बसला. कंपनीनं न विकलेले डबे परत घेतले, पण अनामतीतून कापून. गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी पैसे घेतले. काहींनी कोटिंग करून घेतलं. एका कारवाल्यानं डबा काढायला ठाम नकार दिला, "माझ्या गाडीला कुठं गंज आहे?" म्हणाला. अण्णांनी वाद घातला नाही, गाडी धुत राहायला सांगितलं. दोन गाड्या मधल्या काळात विकल्या गेल्या होत्या आणि नव्या मालकांपर्यंत निरोप पोचला की नाही, ते कळलं नाही. एका माणसानं चारचौघांत अण्णांना बोल लावले. ते त्यांना लागलं, आणि त्याचे पैसे त्याच दिवशी दिले गेले.

वेगळं काय करता आलं असतं

डेमोच्या दिवशी एकच प्रश्न पुरला असता: ही दुसरी तार गाडीवर कुठं जाणार? वायरिंग कळणाऱ्या कुणालाही तो सुचण्यासारखा होता. पण तांबडं पाणी आणि स्वच्छ पट्टी शेजारी दिसल्यावर नजर पट्टीवरच राहते. म्हणून गंजाचं कुठलंही उपकरण विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी डेमो बरणीबाहेर, टांगलेल्या ओरखडा पाडलेल्या पट्टीवर मागावा. कंपनी तयार नसेल तर शेडमध्ये स्वतः करावा, खर्च शंभर-दोनशेचा आहे.

वॉरंटी कार्डची मागची बाजू एजन्सी घेण्याआधी वाचायला हवी होती. व्यावसायिक वाहन वगळलेलं आहे हे तेव्हाच दिसलं असतं, आणि निदान पिकअपवाल्यांना डबा विकला गेला नसता.

वीस डबे एकदम घेण्याऐवजी दोन-तीन घेऊन ते सगळ्यात खडतर गाडीवर बसवायला हवे होते, शेजारी डबा नसलेली तशीच गाडी ठेवून. कोरड्या हवेतल्या, घरात उभ्या राहणाऱ्या कारवर काहीही बसवलं तरी ते चालल्यासारखंच दिसतं. सांगलीत ही अडचण मोठी आहे. कोकणात जाणारी गाडी ही इथली खरी चाचणी.

मामांच्या बाजूनं पाहिलं तर साडेसहा हजारांत पहिल्याच वर्षी पाइप, कॅन, सीलंट आणि हंगामभराचं वॉशिंग बसलं असतं. ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतानाच खाली रबर आणि कडेला सीलंट दिलं असतं तरी क्रॉस मेंबर आणखी काही वर्षं टिकला असता. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या वेळी गाडी एकदा टोच्यानं तपासून घेतली तर सडलेला भाग हौदा कलण्याआधी सापडतो.

अण्णांच्या दुकानात आता गंजाची चौकशी करणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारले जातात: गाडी कुठं जाते, आणि पाणी कुठं साचतं. उत्तर ऐकून पोरगा रॅम्पखाली टॉर्च घेऊन जातो आणि दरवाजाच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं पाहतो. बऱ्याच गाड्यांत ती मातीनं बुजलेली सापडतात. ती तारेनं मोकळी करून द्यायचे अण्णा पैसे घेत नाहीत.